दुसऱ्याची गोष्ट हातात घेताना

गटात पुनर्लेखनाचा उपक्रम घ्यायचा म्हणतेस, जरूर घे. एकमेकांच्या कथा घ्यायच्या आणि आपापल्या पद्धतीनं पुन्हा लिहायच्या, यासारखी लिहित्या माणसाला दुसरी तालीम नाही. आम्ही हे हस्तलिखित मासिकांच्या काळात वह्या फिरवून करायचो, पुढे ईमेलवर केलं, तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर कराल. माध्यम बदललं तरी माणसं दुखावतात ती त्याच जागी. त्या जागा तुला आधीच दाखवून ठेवते. यातलं बरंचसं मलाही माझ्याहून वडील लेखिकांनी असंच बोलता बोलता सांगितलेलं आहे.

सगळ्यात आधी संमती. ‘गटावर टाकलेली कोणाचीही कथा घ्या’ अशी मोकळीक चुकूनही देऊ नकोस. प्रत्येकानं स्वतःच्या दोन-तीन कथा आपणहून पुढे कराव्यात, तेवढ्याच घ्यायच्या. कित्येकांच्या एखाद्या कथेत त्यांची आई असते, मोडलेलं लग्न असतं, गेलेलं मूल असतं, आणि ते बाकी कुणाला माहीत नसतं. अशी कथा दुसऱ्यानं उघडली तर त्या माणसाला ते सहन होत नाही, आणि का होत नाही ते सांगताही येत नाही. म्हणून कथा देताना सोबत एक ओळ मागून घे: ‘यातलं काय बदललेलं मला चालणार नाही?’ कुणी लिहील, गावाचं नाव तसंच ठेवा. कुणी लिहील, यातल्या बापाला खलनायक करू नका. त्यावर का म्हणून विचारायचं नाही. तसंच लिहिणाऱ्यालाही विचार, ‘कुठल्या विषयावरची कथा तुला नको?’ आजारपणातून नुकत्याच उठलेल्या बाईच्या हाती दवाखान्यातली कथा पडू नये, एवढ्यासाठी हा प्रश्न.

कुणीतरी हमखास म्हणेल की आपल्या कथांपेक्षा नामवंतांच्या घेऊ. तिथे कायदा ठाऊक असू दे. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावरचा हक्क त्याच्याकडे आणि त्याच्या वारसांकडे राहतो, आणि त्या लेखनाचं रूपांतर करणं हाही त्या हक्काचाच भाग आहे. हरि नारायण आपटे १९१९ मध्ये गेले, साने गुरुजी १९५० मध्ये, त्यांचं साहित्य आता मोकळं आहे. जी. ए. कुलकर्णी १९८७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कथांवरचा हक्क २०४७ अखेरपर्यंत शाबूत आहे. नामवंतच हवे असतील तर ह. ना. आपट्यांच्या ‘स्फुट गोष्टी’ घ्या, त्या काळातल्या घरांत आजच्या माणसाला शिरायला भरपूर वाव आहे. पण माझं मत विचारशील तर पहिल्या खेपेला आपल्याच माणसांच्या कथा घ्याव्यात. समोर जिवंत लेखक असतो तेव्हा पुनर्लेखन करणारा जास्त जबाबदारीनं वाचतो.

‘पुनर्लेखन म्हणजे नेमकं काय?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी येईल. त्याला व्याख्या देत बसू नकोस, उदाहरणं दे. मोरोपंतांनी एकच रामकथा १०८ वेळा रचली असं परंपरा मानते, आणि दर वेळी स्वतःवर नवी अट घालून घेतली. त्यातलं एक निरोष्ठ रामायण, म्हणजे ओठ मिटून उच्चारायची अक्षरं त्यात वर्ज्य. म्हणजे गोष्ट रामाची सांगायची आणि ‘राम’ हे नावच घ्यायचं नाही! अट अशी असावी, की ती पाळताना जुनी गोष्ट नव्या वाटेनं गाठावी लागते. खांडेकरांनी १९५९ च्या ‘ययाति’त महाभारतातली कथा ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या तोंडी दिली. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाबरोबर त्याची बायको आणि भाऊही बोलतात. पु. लं.नी बर्नार्ड शॉचं ‘पिग्मॅलियन’ घेतलं आणि ‘ती फुलराणी’ लिहिली, तिच्यातली मंजुळा बोलायला लागली की लंडन आठवतसुद्धा नाही. बोलणारं माणूस बदल, काळ बदल, गाव बदल, शेवट बदल, गोष्टीचं पत्र कर किंवा नाट्यप्रवेश कर. यातलं एक किंवा दोन. सगळंच बदललं तर ती वेगळी कथा झाली, तिला मूळ कथेची गरजच उरली नाही.

एक कसोटी मला माझ्या वडीलधाऱ्यांनी दिली, ती तुला देते. मूळ लेखकाला आपली कथा ओळखू आली पाहिजे, आणि मूळ कथा न वाचलेल्यालाही नवी कथा पुरी लागली पाहिजे. दोन्ही साधलं की पुनर्लेखन झालं.

पण लिहिणारे अडतात ते ‘सुरुवात कुठून करू’ यावर. त्यांना सांग, कथा तीनदा वाचा आणि मूळ लेखक जिथून भरभर निघून गेला आहे अशी जागा शोधा. एक नमुना देते. समजा, कथा एका भावाच्या तोंडून आहे. वडील गेले, जमीन विकायची आहे, बहिणीची हक्कसोडपत्रावर सही हवी आहे. ती सासरहून येते, भाऊ तिला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतो. कथेत एक वाक्य आहे: ‘ताईनं हसत सही केली.’ पुढे कथा भावाच्या कर्जाकडे वळते, ताई पुन्हा येत नाही. पुनर्लेखन करणाऱ्यानं त्या ‘हसत’वर थांबायचं. ती का हसली? मग ताईच्या बाजूनं लिहायला घ्यायचं. टेबलापलीकडचा माणूस म्हणतो, ‘ताई, इकडे बघा, कॅमेऱ्यात.’ फोटो निघतोय म्हटल्यावर ती सवयीनं हसते. मग अंगठा. यंत्र ठसा घेत नाही, भांडी घासून घासून रेषा पुसट झाल्यात. तो म्हणतो, पदराला पुसा आणि पुन्हा ठेवा. ती पुसते, जोर देऊन ठेवते, आणि आपण आपला हक्क सोडायलाही इतका जोर लावतोय हे तिच्या ध्यानात येतं. बाहेर भाऊ तिच्यासाठी उसाचा रस घेऊन उभा असतो. तो वाईट नाही. मूळ कथेतही तो वाईट नव्हता. नव्या कथेनं त्याला वाईट करायचं नाही, फक्त त्याला न दिसलेलं दाखवायचं. मूळ लेखकाच्या एका शब्दातून अख्खी कथा निघाली, आणि त्याचा एकही शब्द खोटा पडला नाही. हा उपक्रम खरं तर वाचनाचा आहे. इतकं बारीक आपल्याला कुणी वाचलंय, हे बघून मूळ लेखकाचे डोळे भरून येतात.

आता वाटणीचं तंत्र. जोड्या लावू नकोस. ‘तू माझी लिही, मी तुझी लिहिते’ यात दोघंही एकमेकांना सांभाळून घेतात, नाहीतर हिशेब चुकता करतात. त्याऐवजी चिठ्ठ्या पाडून नावं गोलात मांड, आणि प्रत्येकाला त्याच्या उजव्या हाताच्या माणसाची कथा दे. यात स्वतःची कथा स्वतःला येत नाही, कुणी रिकामं राहत नाही, आणि दोघांत अदलाबदल होत नाही. नवरा-बायको किंवा जिवलग मैत्रिणी शेजारी आल्या, किंवा कुणाला नको असलेला विषय त्याच्याच वाट्याला आला, तर एखादी चिठ्ठी हलव. मधेच कुणी गळालं, आणि गळतंच, तर त्याच्या डाव्या-उजव्या माणसांना जोडून टाक, गोल पुन्हा मिटतो. डावीकडच्यानं लिहायला सुरुवात केली असेल तर मात्र त्याची कथा बदलू नकोस. त्यासाठी दोन जण आधीच राखीव ठेव, आठवड्याभरात कथा लिहून देतील असे. उजवीकडच्याची राहिलेली कथा त्यांच्याकडे दे. आपली कथा कुणीच लिहिली नाही असं एकाच्याही वाट्याला येता कामा नये. एवढी एक गोष्ट पाळलीस तरी उपक्रम निम्मा जिंकलास. कोणाकडे कोणाची कथा आहे ते फक्त तुला ठाऊक असू दे.

मुदत तीन आठवडे, शब्द ८०० ते १५००. याहून लांब कथा फोनवर कुणी नीट वाचत नाही. मार्चअखेर टाळ, गणपती टाळ, आणि दिवाळी अंकांचं लेखन पोचवायचे जुलै-ऑगस्ट टाळ. जानेवारी बरा. परदेशातले सभासद असतील तर ‘रविवार रात्रीपर्यंत’ असं मोघम लिहू नकोस. ‘रविवार, भारतीय वेळेनुसार रात्री ९’ असं लिही, आणि न्यू जर्सीत तेव्हा हिवाळ्यात सकाळचे साडेदहा, उन्हाळ्यात साडेअकरा वाजलेले असतील हेही पुढे जोड.

कथा युनिकोडमध्येच माग. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडली की अक्षरांचा चुरा होतो. फाइलच्या नावात लेखकाचं नाव नको, हे सगळे सांभाळतात. पण वर्डच्या फाइलच्या माहितीत लेखकाचं नाव आपोआप चिकटलेलं असतं, ते कुणी बघत नाही, आणि सगळी गुप्तता तिथे फुटते. म्हणून मजकूर कोऱ्या फाइलमध्ये तू स्वतः चिकटव आणि एकाच साच्यात सगळ्या कथा टाक. यंत्राकडून कथा लिहून घेणं चालणार नाही, हेही नियमांत आधीच येऊ दे. दुसऱ्याची कथा स्वतः वाचण्याचेच कष्ट वगळले तर उरतं काय?

बोलीबद्दल थोडं कडक राहा. मूळ कथा मालवणीत किंवा अहिराणीत असेल आणि घेणाऱ्याला ती बोली घरातून आलेली नसेल, तर त्यानं तिची नक्कल करू नये. ‘गो’ आणि ‘रे’ पेरून मालवणी होत नाही, ती बोलणाऱ्यांची टिंगल होते. त्यानं आपल्या बोलीत लिहावं, गोष्ट आपल्या मुलखात आणावी. जातीचं, व्यवसायाचं, देवाधर्माचं तपशिलातलं काही असेल तर ज्याला ते आतून ठाऊक आहे त्याला एकदा विचारून घ्यावं.

कथा जमल्या की लगेच गटावर टाकू नकोस. प्रत्येक मूळ लेखकाला त्याची नवी कथा एक दिवस आधी खाजगीत वाचायला दे. मंजुरीसाठी नव्हे, चारचौघांत अचानक समोर येऊ नये म्हणून. त्यानं कथेसोबत दिलेली ओळ मोडली असेल किंवा कुणाची खाजगी गोष्ट उघडी पडत असेल, तर त्यानं थांबवावं. ‘माझी नायिका असं वागणार नाही’ ही हरकत मात्र ऐकायची नाही. मग रोज दोन कथा, नाव न देता. लोकांना ओळखू दे, चुकू दे. आठवड्यानं नावं जाहीर कर. तोवर मूळ लेखकानं आपल्या कथेवरच्या चर्चेत बोलायचं नाही, हा नियम सगळ्यांना जड जातो आणि सगळ्यात उपयोगी पडतो.

अभिप्रायात ‘छान’, ‘अप्रतिम’, हात जोडलेली चित्रं यांना बंदी नको, पण त्यासोबत प्रत्येकानं दोन वाक्यं उतरवून द्यावीत, मूळ कथेतलं एक, नव्या कथेतलं एक, आणि मधे काय बदललं ते सांगावं. तुलना दोन कथांची, दोन लेखकांची नाही. ‘मुळापेक्षा नवी सरस’ असं कुणी लिहिलं तर तिथल्या तिथे सौम्यपणे थांबव. क्रमांक, बक्षीस, मतदान यातलं काही ठेवू नकोस. क्रमांक लागला की पुढच्या वर्षी लोक सोपी कथा मागतात आणि भिडस्त माणसं नावच देत नाहीत. आव्हान आहे ते स्वतःशी आणि त्या कथेशी.

प्रत्येक कथेखाली दोन नावं: मूळ कथा अमुक, पुनर्लेखन तमुक. बाहेर कुठे द्यायची झाली तर दोघांची लेखी संमती. सगळं बंद गटातच ठेव, कारण दिवाळी अंकांचे संपादक बहुधा अप्रकाशित लेखन मागतात, आणि कुणाची चांगली कथा आपल्या हौसेपायी अडकायला नको.

पहिल्या वर्षी आठ-दहा जण पुष्कळ झाले. नावं यायला वेळ लागेल, कारण आपली कथा दुसऱ्याच्या हाती द्यायला सगळेच घाबरतात. म्हणून एक आग्रह आहे. देऊ केलेल्या कथांच्या यादीत पहिली कथा तुझी असू दे, आणि तीही तुझी सगळ्यात लाडकी. आज रात्रीच टाक.