पंप खोलायच्या आधी चाकाला हात लाव

अगं, पिकअप ओढत नाही म्हणून मिस्त्री डिझेल पंप खोलायला निघाला असेल, तर त्याला जरा थांबव. आधी चाकं बघू.

जुनी गाडी, पावसाळाभर शेतातल्या चिखलातून टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावला पळणारी. अशा गाडीचा ब्रेक पाय काढल्यावरही पुरता सुटत नाही. इंजिन राबतं, डिझेल पितं आणि बोल मात्र त्यालाच लागतो. रिकामी गाडी सपाटीला न्यूट्रल करून सोड. पूर्वीसारखी घरंगळली नाही, लगेच थबकली, तर ब्रेक धरतोय.

मग आळेफाट्यापर्यंत चक्कर मारून ये, ब्रेक होईल तितका कमी मार. उतरल्या उतरल्या चारही चाकांजवळ उलटा हात ने. टेकवू नकोस बाई, ड्रम चटकन भाजतो! एकच चाक तापलं असेल तर दोष बहुधा तिथंच. मागची दोन्ही तापली तर हँडब्रेकची केबल नाहीतर मागं जाणारा रबरी होज पाइप. चारही तापली आणि पेडल वरच कडक लागतंय, तर मास्टर सिलेंडर नाहीतर बूस्टर. बेअरिंगनंही चाक तापतं, पण ते घरघरतं आणि जॅकवर हलवलं की खुळखुळतं.

आता खरी गोम ऐक. बाकीच्या चाकांना दगड लाव, हँडब्रेक सोड, तापलेलं चाक जॅकवर घे. पेडल दोन-चारदा दाबून सोड आणि चाक हातानं फिरव. घट्ट असेल तर मिस्त्रीला एअर काढायचा निप्पल किंचित सैल करायला सांग. तेल चिळकन उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत कोंडलाय. जुना होज आतून फुगतो. पायाच्या जोरानं तेल पुढं जाऊ देतो, परत येऊ देत नाही, आणि बाहेरून मात्र अगदी ठणठणीत दिसतो. निप्पल सोडूनही चाक घट्टच राहिलं, तर कॅलिपरचा पिस्टन, पिना, व्हील सिलेंडर, ब्रेक शूची स्प्रिंग किंवा केबल गंजून अडकलीय. एवढं न बघता लाइनर बदलले, तर नवेही जळणार. नंतर एअर मात्र नीट काढून घ्यायला लाव.

डिंभे-भीमाशंकर पट्ट्यातल्या पावसात हँडब्रेक ओढून गाडी चार दिवस उभी राहिली की केबल गंजते, लाइनर ड्रमला चिकटतात. त्यापेक्षा गिअरमध्ये टाकून टायरला दगड लावलेला बरा.

हे निस्तरल्याशिवाय माल भरून माळशेज उतरू देऊ नकोस. नवं डॉट ३ ब्रेक तेल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषतं आणि मग १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं. धरलेल्या ब्रेकची उष्णता त्यात मिसळली की घाटात पेडल सरळ तळाला जातं. तापलेल्या ड्रमवर पाणीही ओतायचं नाही, तडकतो. आणि तेल कमी झालं म्हणून कुणी इंजिन ऑइल ओतायला निघालं तर हात धर. त्यानं आतली रबरं फुगतात नि चारही चाकं जाम होतात.

होज बदललाच, तर जुना तिथंच कापून दाखवायला सांग.