कामोत्तेजक गोळ्यांची घरपोच खरेदी : किंमत आणि धोका

इंदूरच्या पोलोग्राउंड या औद्योगिक भागातील पन्नाशीचा एखादा कामगार दुकानात सिल्डेनाफिल मागण्यास संकोचतो आणि मोबाईलवरून ते घरपोच मागवितो. किंमत पाहून त्यास शंका येते, इतके स्वस्त औषध खरे असेल काय? केवळ स्वस्ताई हा बनावटपणाचा पुरावा नव्हे. १९७० च्या पेटंट कायद्यान्वये औषधाच्या फक्त निर्मितीप्रक्रियेस संरक्षण होते; त्यामुळे अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळालेले हे औषध भारतीय कारखाने २००५ पूर्वीच बनवू लागले.

धोका निराळाच आहे. हृदयविकारासाठी जिभेखाली ठेवावयाची नायट्रेटची गोळी चालू असताना सिल्डेनाफिल घेतल्यास रक्तदाब एकाएकी घसरून प्राणावर बेतू शकते. म्हणूनच हे औषध परिशिष्ट ‘एच’मध्ये असून चिठ्ठीवाचून विकता येत नाही. गोळी घेतल्यावर छातीत दुखू लागले, तर डॉक्टरांपासून ती गोष्ट लाजेखातर लपविणे अधिकच घातक ठरते. ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांतही हेच रसायन मिसळलेले आढळले आहे. वेष्टनावर त्याचा उल्लेखही नसतो!

शिवाय ही गोळी इच्छा उत्पन्न करीत नाही, केवळ रक्तप्रवाह वाढविते. मूळ तक्रार मधुमेहाची वा हृदयविकाराची पूर्वसूचना असू शकते. रक्तशर्करा व रक्तदाब यांची तपासणी शासकीय रुग्णालयात होते. चिठ्ठी मिळाल्यावर परवानाधारक दुकानातून पावतीसह औषध घ्यावे आणि पट्टीवरील बॅच क्रमांक, परवाना क्रमांक व मुदत पाहावी.