रेल तिरकी, दोष पोरीला

एअर रायफलची रेल, म्हणजे जिच्यावर साइट आवळतात ती पट्टी, जराशी तिरकी बसलेली असली, की तिचा पहिला पुरावा नेमबाजाच्या मानेत दिसतो. माझ्या पुतणीची मान उजवीकडे झुकू लागली होती, आणि आम्ही सगळे तिला सरळ उभी राहा म्हणून सांगत होतो. रायफलीकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

आमचं गाव ठाणाकुशनूर, बीदर जिल्ह्यातलं. इथे घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दोन्हींसोबत दखनी चालते. मी मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी केली. बेळगावच्या सेंटरमध्ये रायफल हातात आली तेव्हा पहिल्यांदा शिकवलं गेलं ते हे, की हँडगार्ड खुळखुळला किंवा साइट हलली तर स्वतः पाना लावायचा नाही, हत्यार आर्मररकडे, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडे, द्यायचं. गावात आर्मरर कुठून येणार? इथे लेथवाला आहे, वेल्डिंगवाला आहे, मोटारसायकलचा मिस्त्री आहे. तिघेही कष्टाळू माणसं, पण रायफल हा त्यांचा विषय नाही.

1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं आणि आमच्या भागातल्या पोरांनाही नेमबाजीचं वेड लागलं. स्वप्निल राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. खेड्यातलं पोर ऑलिम्पिकच्या पायरीवर उभं राहतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुतणीने हट्ट धरला. सोयाबीन ठेवायची एक लांब खोली रिकामी करून आम्ही तिथे 10 मीटरची रेंज केली आणि एक जुनी, वापरलेली एअर रायफल घेतली. नळी उघडून भरायची, स्प्रिंगवर चालणारी. तिच्या सिलिंडरवर, म्हणजे स्प्रिंग असते त्या नळकांड्यावर, 11 मिलिमीटरची डोव्हटेल रेल स्क्रूने बसवलेली होती आणि त्या रेलवर मागची पीप साइट आवळलेली होती.

सुरुवातीपासून छर्रे डावीकडे जायचे. साइटचं विंडेज बटण, म्हणजे नेम डावीउजवीकडे जुळवणारं, उजवीकडे फिरवत फिरवत शेवटाला टेकलं, तरी छर्रे मध्यावर येईनात. मग पोरीने नकळत रायफलच कलती धरायला सुरुवात केली, आणि रायफल कलली तशी मानही. एका शिबिरात तिला सांगण्यात आलं की तिची उभं राहण्याची ढब मुळातच चुकीची आहे, ती मोडून नव्याने बसवावी लागेल. ती घरी आली आणि म्हणाली, "काका, माझंच चुकतंय." वाईट वाटलं ते याचं, की तिचं काहीच चुकत नव्हतं.

थोडं गणित सांगतो, कारण त्याशिवाय हा प्रकार किती बारीक आहे ते कळत नाही. 10 मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पुढची प्रत्येक कडी अडीच मिलिमीटरची. पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण 70 सेंटिमीटर अंतर धरा. मागची साइट 0.1 मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाइतकी बाजूला सरकली, तर 10 मीटरवर छर्रा जवळजवळ दीड मिलिमीटर सरकतो. छर्ऱ्याचा मध्य तेवढ्याने दहाच्या ठिपक्याबाहेर जातो. रेलवर दुर्बीण बसवणाऱ्यांचं याहून अवघड. दुर्बिणीच्या दोन कड्यांमध्ये 10 सेंटिमीटर अंतर असेल आणि त्यातली एक त्याच कागदाइतकी बाजूला असेल, तर 10 मीटरवर फरक पडतो पूर्ण एक सेंटिमीटरचा. एवढासा तिरकसपणा डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही.

आणि आपली चूक नसताना नेम हुकणं फक्त आमच्यासारख्या जुन्या रायफलवाल्यांच्याच वाट्याला येतं असं नाही. एअर रायफलचा नेमबाज अभिनव बिंद्रा 2004 मध्ये अथेन्स ऑलिम्पिकला अंतिम फेरीत सातवा आला, आणि त्याच्या पायाखालची फरशी सैल होती हे नंतर समजलं. 2008 मध्ये बीजिंगला अंतिम फेरीच्या आधी सरावाचे छर्रे भलतीकडे जाऊ लागले, तेव्हा त्याने स्वतःवर शंका घेतली नाही. साइट हलली आहे हे ओळखलं, तिथल्या तिथे ती जुळवली आणि सुवर्ण जिंकलं. एवढी शांत बुद्धी अनुभवाने येते. शिकाऊ पोराकडून तिची अपेक्षा धरता येत नाही. म्हणून रायफल तपासायची जबाबदारी शिकवणाऱ्याची.

पुढे नुकसान झालं ते दुरुस्तीत. तालुक्याच्या गावी एका कारखान्यात रायफल दाखवली. तिथल्या मिस्त्रीने रेलकडे पाहिलं, साइट तिरकी दिसते म्हणाला, आणि डोव्हटेलची एक बाजू कानशीने घासून दिली. त्याच्या हिशोबाने साइट सरळ झाली. पण डोव्हटेलची कड गेली, साइटच्या पकडीला धरायला जागा राहिली नाही, आणि प्रत्येक झटक्याला साइट मागे सरकू लागली. स्प्रिंगच्या रायफलीला दोन झटके असतात. पिस्टन पुढे सुटतो तेव्हा रायफल मागे येते, आणि पिस्टन टोकाला थांबतो तेव्हा ती पुढे ओढली जाते. आवळलेली साइटसुद्धा या हिसक्यांनी सरकते, मग घासलेल्या रेलवर ती कशी टिकणार?

शेवटी हैदराबादेत बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर कारागिराकडे गेलो. त्याने आधी कशालाच हात लावला नाही. साइट रेलच्या पुढच्या टोकाला आवळून काही छर्रे सोडायला सांगितले, मग तीच साइट मागच्या टोकाला नेऊन पुन्हा. मागे नेल्यावर छर्रे आणखी डावीकडे गेले. तो म्हणाला, साइट ठीक आहे, नळीही ठीक आहे, रेलचं शेपूट डावीकडे गेलंय. रेल उतरवली तर खाली जुन्या गोंदाचा वाळलेला थर, आणि एका भोकाच्या कडेला धातूची बारीक कोर उभी. आधीच्या कुणीतरी त्या कचऱ्यावरच रेल ठेवून स्क्रू आवळले होते. साफ करून, रेल सरळ धरून पुन्हा आवळली असती तर काम तेवढ्यावर भागलं असतं. कानशीमुळे आम्हाला नवी रेल घ्यावी लागली.

तुमच्या पोराचे छर्रे एकाच बाजूला जात असतील तर आता सांगतो ते करा. आधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा, नळी उघडून डोळ्याने पाहा. नळी उघडी असताना तिच्यात बोट घालायचं असेल तर दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरा, ती झटक्याने मिटली तर बोट जातं. मग दस्त्याचे स्क्रू बघा, विशेषतः पुढच्या लाकडाचे, जिथे डावा हात असतो. स्प्रिंगच्या हिसक्याने ते सैल होतात, आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात असा माझा अनुभव आहे. मग पुढची साइट सरळ उभी आहे ना ते बघा. नंतर दुसऱ्या एखाद्या जाणत्याला त्याच रायफलीने मारायला सांगा. त्याचेही छर्रे त्याच बाजूला गेले तर पोराला दोष देणं तिथेच थांबवा.

यानंतर रेलची पाळी. रायफल उशीवर किंवा वाळूच्या पिशवीवर टेकवून, साइट पुढे आणि मागे नेऊन मारून बघा. छर्रे बाजूला सरकले तर रेल तिरकी आहे. दोन्हीकडे सारखेच बाजूला पडले तर रेल सरळ असून साइट किंवा पुढचा खांब बाजूला आहे. रेल एका अंगावर कललीय का हे बघायला गवंड्याचा ओळंबा घ्या. लक्ष्याच्या कागदावर ओळंब्याने उभी रेघ आखा, रायफल पाणसळीने सरळ ठेवा, आणि साइट फक्त वर चढवत मारा. छर्रे रेघेवरून सरळ चढले पाहिजेत. तिरके चढले तर रेल किंवा साइट कललेली आहे.

रेल स्क्रूची असेल तर उतरवून दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करा. स्क्रू आधी नुसते टेकवा, रेल दोऱ्याने किंवा सरळ पट्टीने नळीच्या मध्याशी जुळवा, मग मधल्या स्क्रूपासून आलटून पालटून थोडं थोडं आवळत जा. एकच स्क्रू एका दमात पूर्ण आवळला की रेल त्याच्याकडे ओढली जाते. लहान स्क्रूचे आटे मऊ धातूत लवकर जातात, म्हणून लहान एलन की वापरा आणि जोर लावू नका. स्क्रू सैल होऊ नये म्हणून निळा लॉकटाइट पुरे, लाल लावला तर तो पुन्हा सुटायला तापवावा लागतो. रेल नळकांड्यातच कोरलेली असेल तर तिला हात लावू नका. बाजूला सरकवता येणारी माउंट मिळते, ती लावा. कानस, हातोडी, वेल्डिंग यांपैकी काहीही नको. आणि स्प्रिंगचं नळकांडं घरी उघडू नका. आतली स्प्रिंग दाबलेली असते, ती सुटली तर डोळा जातो.

सैन्यात आता हँडगार्डवर रेल असलेल्या रायफली आल्या आहेत. 2019 मध्ये 72,400 सिग 716 रायफलींचा करार झाला. त्या रायफलींबाबतची एक गोष्ट आमच्याही उपयोगाची आहे. हँडगार्ड हाताच्या दाबाने थोडा वाकतो, म्हणून साइटचा एक पाय मुख्य भागावर आणि दुसरा हँडगार्डवर असा कधी ठेवत नाहीत. दोन वेगळ्या तुकड्यांवर पूल बांधला की झीरो, म्हणजे जुळवलेला नेम, टिकत नाही.

एक गोष्ट आमच्या भागातल्या शेतकऱ्यांसाठी. 4.5 मिलिमीटरची आणि 20 ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय ठेवता येते, तिचा स्क्रू तुम्ही आवळू शकता. पीकराखणीच्या परवान्याची बंदूक मात्र लेथवर नेऊ नका. शस्त्र कायदा, 1959 च्या कलम 5 प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती दुरुस्तीचा परवाना असलेलाच करू शकतो. नेणारा आणि करणारा, दोघेही अडचणीत येतात. आणि एअर रायफल हाती आली म्हणून काळवीट, मोर, पाखरं यांच्यावर नेम धरू नका. वन्यजीव कायदा 1972 पासून आहे.

पुतणीची मान सरळ व्हायला रेल बदलण्याहून कितीतरी जास्त वेळ लागला. शाळेत, तालमीत, शिबिरात पोरांना नेमबाजी शिकवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: पोराची ढब मोडायच्या आधी त्याची रायफल टेकवून, साइट पुढेमागे करून स्वतः एकदा मारून बघा.