चिठ्ठीवर लिहिलेली डोकेदुखी

आईला अक्षरओळख नाही. पण ऊसतोडीची उचल किती घेतली, किती फिटली, किती राहिली, हा सगळा हिशेब तिच्या तोंडी असे. मुकादमाची वही चुकायची, आई नाही. त्याच आईने एका दिवाळीत सकाळपासून तीनदा गूळ आणला. पुढे अंबाजोगाईला योगेश्वरीचं दर्शन घेऊन निघालो, तर कोणत्या दाराने आत आलो ते तिला आठवेना. माझा हात घट्ट धरून म्हणाली, "लेकरा, कुठंय रं आपण?"

चूक इथून पुढे झाली आणि ती माझीच होती. 'विसरते' म्हटलं तर गाव 'म्हातारीला वेड लागलं' म्हणेल, या भीतीने डॉक्टरांना सांगितलं की डोकं दुखतं. चिठ्ठीवर तेच लिहिलं गेलं. एमआरआय झाला. अहवालात वयोमानानुसार मेंदूची थोडी झीज, बाकी काही नाही. त्या कागदावर विसंबून मी दीड वर्ष निवांत राहिलो. फिल्म पेटीत टाकली होती, ती पावसाळ्यात ओल लागून चिकटली.

चूल पेटती ठेवून आई शेजारी जाऊन बसली, त्या दिवशी डोळे उघडले. छत्रपती संभाजीनगरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी फोटोला हात लावण्याआधी अर्धा तास मलाच विचारलं: कधीपासून, काय काय, पैशाचा व्यवहार जमतो का, ऐकू येतं का, मध्यंतरी पडल्या होत्या का. मग रक्त तपासलं. माळकरी आईचं बी-१२ फार खाली गेलं होतं. शेवटी नवा एमआरआय, आणि पहिली मागणी जुन्या फिल्मची! दोन फोटो शेजारी ठेवले की झीज किती वेगाने वाढली ते कळतं. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

त्यांनी समजावलं ते असं. दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला, खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नव्या आठवणी तिथे पक्क्या होतात. अल्झायमरमध्ये तो लवकर आक्रसतो. पण तो नीट मोजायचा तर त्या भागाचे छेद मुद्दाम घ्यावे लागतात, आणि डोकेदुखीच्या चिठ्ठीवर ते घेतले जातीलच असं नाही. शिवाय आजाराच्या सुरुवातीला फोटो साफही येतो. म्हणून साफ फोटो म्हणजे आजार नाही, असं धरू नये. उलट, पडल्यानंतर मेंदूवर हळूहळू साचलेलं रक्त, वाढलेलं पाणी, गाठ, छोटे झटके हे फोटोत दिसतं, आणि त्यातल्या काहींवर इलाजही आहे. बी-१२ किंवा थायरॉइडची कमतरता मात्र रक्तातच सापडते.

आईचं बी-१२ भरून निघालं, तशी ती थोडी सावरली. बाकीचं विसरणं राहिलं. ते दीड वर्ष मला आजही टोचतं.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या शंभरातल्या सात-साडेसात जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. त्यामुळे लपवण्यासारखं यात काही नाही. घरात शंका आली तर महिनाभर वहीत टिपा: काय विसरलं, कधी, किती वेळा. डॉक्टरांकडे ती वहीच पुढे करा. न शिकलेल्या माणसाची परीक्षा घड्याळाचं चित्र काढायला लावून घेत असतील, तर नम्रपणे सांगा की बाजारहाट आणि हिशेब विचारा. एमआरआयच्या आधी मंगळसूत्र, जोडवी, श्रवणयंत्र काढा. पेसमेकर असेल तर आधीच सांगा. आत मोठा ठकठकाट होतो, हेही म्हाताऱ्या माणसाला समजावून ठेवा. फिल्म आणि सीडी कोरड्या जागी, सातबाऱ्याच्या कागदांसोबत ठेवा.

सुरुवात दूर जाऊन करायची गरज नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जवळच लोखंडी सावरगावला वृद्धत्व व मानसिक आजारांचं केंद्र आहे. ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन 14567 आहे.

एवढं मात्र करा: आई विसरत असेल तर चिठ्ठीवर 'विसरते' असंच लिहून घ्या.