पान चुरगाळलं? उत्तमच!

प्रश्न : आम्ही पुण्यात मंडईजवळ राहतो. दोन वर्षांच्या मुलीसाठी रेघा गिरवायची पानं प्रिंट करून आणली. ती सगळी चुरगाळते. काय करावं?

उत्तर : चुरगाळू द्या. दोन वर्षांचं मूल खडू मुठीत धरतं. तीन बोटांची पकड यायला अजून अवकाश आहे. गिरवण्याची घाई नको. कागद फाडणं, चुरगाळणं हाच सध्याचा अभ्यास, आणि तो ती मन लावून करते आहे!

प्रिंट काढायचीच तर पानावर एकच मोठं, जाड रेघेचं चित्र हवं. वांगं, टोमॅटो किंवा आपल्या मंडईचा अष्टकोनी मनोरा. रद्दीचे रंगीत तुकडे तिलाच फाडू द्या आणि कणकेच्या खळीने चित्रात चिकटवू द्या. बाहेर गेले तर जाऊ द्या. दुसऱ्या पानावर रुपयाएवढे गोल काढा; बोट रंगात बुडवून एकेक ठसा. भेंडीच्या कापाचा ठसा तर फुलासारखा उठतो. कागद जमिनीला चिकटपट्टीने डकवा, म्हणजे सरकत नाही.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी सुरू केली, तेव्हा त्यांनी महागड्या परदेशी साधनांऐवजी परिसरातल्या वस्तू वापरल्या. तुमच्या दारात तर अख्खी मंडई आहे. मेथी निवडताना तिला शेजारी बसवा. मटार सोलायला मात्र तुमच्या नजरेसमोरच. दाणा घशात अडकू शकतो.

दहा मिनिटांत कंटाळली, तर पान उचलून ठेवा.