पेनाच्या आशीर्वादाआधी



बोर्डाची परीक्षा जवळ आली की दरवर्षी रविवारच्या मिस्सानंतर दहावी-बारावीच्या मुलामुलींची वेदीपुढे रांग लागते. कोणी पेन पुढे करतो, कोणी कंपासपेटी, कोणी हॉल तिकीट. मी प्रार्थना म्हणतो, पवित्र पाणी शिंपडतो. मागे उभ्या असलेल्या आईचे डोळे भरून येतात. हा प्रसंग मला मनापासून आवडतो. पण खरे सांगायचे तर, त्या पेनातून पेपरात काय उतरणार हे तोवर बरेचसे ठरून गेलेले असते. ते ठरते जुलै-ऑगस्टच्या पावसात, घरातल्या एका कोपऱ्यात, जिथे कोणी पाहत नाही तिथे. म्हणून पेनाच्या आशीर्वादाआधीच्या या महिन्यांविषयी आज बोलायचे आहे.

निमित्तही चांगले आहे. ३१ जुलै हा संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. येशू संघाचे संस्थापक आणि आध्यात्मिक साधनेचे गुरू म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ते तेहेतिसाव्या वर्षी लहान मुलांच्या बाकावर बसलेले विद्यार्थीही होते, आणि त्यांना अभ्यास जड गेला होता, हे आपल्याला क्वचितच कोणी सांगते.

चांगल्या विचारांचा मोह

१५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने इग्नेशियस यांचा पाय मोडला आणि त्या आजारपणात त्यांचे मनःपरिवर्तन झाले. पुढे लोकांच्या आत्म्यांची सेवा करायची तर शिक्षण हवे, हे त्यांच्या ध्यानात आले. १५२४ साली बार्सिलोनात ते लॅटिन व्याकरण शिकू लागले. आयुष्याच्या अखेरीस सहकाऱ्याला सांगितलेल्या आत्मकथनात त्यांनी आपली एक अडचण मोकळेपणाने मांडली आहे. पाठ करायला बसले की त्यांच्या मनात देवाविषयी नवनवे विचार येत, मन भक्तीने भरून जाई आणि पाठ तसाच राही. गंमत अशी, की मिस्साला किंवा प्रार्थनेला बसल्यावर असे विचार येत नसत. ते येत फक्त व्याकरणाच्या वेळी!

आपण असतो तर म्हणालो असतो, "काय ही देवाची कृपा!" इग्नेशियस यांनी मात्र ओळखले की हा मोह आहे. विचार चांगला असला तरी वेळ त्याची नव्हती. त्यांनी आपल्या शिक्षकांना चर्चमध्ये नेले, सारे खरे सांगून टाकले आणि वचन दिले की जगण्यापुरते भाकरी-पाणी मिळत आहे तोवर ही दोन वर्षे मी तुमचा तास चुकवणार नाही. त्यानंतर तो मोह गेला.

मित्रांनो, आळशी मुलाचा अभ्यास आळसाने बुडतो हे सर्वांना ठाऊक आहे. पण गुणी मुलाचा अभ्यास बहुतेक वेळा चांगल्या कामांनी बुडतो. आणि इथे मला माझीही चूक कबूल केली पाहिजे.

आपल्या धर्मग्रामात एक मुलगा होता. गायनवृंदात तो, वेदीसेवकांत तो, सणाच्या नाटकात तो, नाताळच्या गोठ्यालाही तोच. मी हाक मारली आणि तो आला नाही असे कधी झाले नाही. त्याच्या बोर्डाच्या वर्षीही मी हाका मारतच राहिलो. निकाल लागला तेव्हा त्याची आई मला भेटायला आली. तिने मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, "फादर, पोर रात्री बारापर्यंत पुस्तक घेऊन बसायचं, पण डोळे मिटायचे हो त्याचे." तिने दोष दिला नाही, म्हणूनच तो मला जास्त लागला. त्या मुलाची संध्याकाळ मी घेतली होती आणि अभ्यासाला उरली होती ती फक्त त्याची झोप.

जागा आणि वेळ

१५२८ साली इग्नेशियस पॅरिसला गेले. त्यांनी ठेवायला दिलेले पैसे एका सोबत्याने खर्च करून टाकले. मग भीक मागत ते यात्रेकरूंच्या एका धर्मशाळेत राहू लागले. कॉलेज तिथून लांब. धर्मशाळेचे दार सकाळी उजाडल्यावर उघडे आणि संध्याकाळच्या घंटेआधी परतावे लागे. तास तर पहाटेच सुरू होत. त्यात पोटासाठी भीक मागण्यात वेळ जाई. अभ्यास पुढे सरकेना.

"देव पाहून घेईल" असे म्हणून ते गप्प बसले नाहीत. एखाद्या शिक्षकाकडे नोकर म्हणून राहून शिकता येईल का, याचा त्यांनी शोध घेतला. ते जमले नाही. मग एका धर्मबंधूच्या सल्ल्याने ते दरवर्षी फ्लँडर्सला जाऊन तिथल्या स्पॅनिश व्यापाऱ्यांकडून वर्षभर पुरेल इतकी मदत गोळा करून आणू लागले. थोडे आठवडे त्यात गेले, पण बाकीचे वर्ष अभ्यासाला मोकळे झाले.

यातून आपण काय शिकायचे? नुसत्या निश्चयाने अभ्यास होत नाही, त्याला जागा आणि वेळ बांधून द्यावी लागते. "वेळ मिळाला की बसतो" म्हणणाऱ्याला वेळ मिळत नाही. रोज तीच वेळ, तीच जागा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. सुरुवातीला पाऊण तास पुरे, पण तो रोज हवा. काही दिवसांनी त्या जागी बसताच मन आपोआप कामाला लागते. त्यालाच सवय म्हणतात. संत थॉमस अक्वायनस यांनीही सद्गुणाची व्याख्या करताना त्याला मनाची पक्की सवयच म्हटले आहे. एकदा केलेले सत्कृत्य म्हणजे सद्गुण नव्हे, तसा परीक्षेच्या आदल्या रात्रीचा जागर म्हणजे अभ्यास नव्हे.

पाया कच्चा असेल तर

पॅरिसला येण्याआधी इग्नेशियस अल्काला येथे एकाच वेळी अनेक विषय घाईघाईने शिकले होते. पाया कच्चा राहिला हे पॅरिसमध्ये त्यांनी मान्य केले आणि वयाची लाज न बाळगता पुन्हा लॅटिनच्या वर्गात लहान मुलांबरोबर बसले.

नववीतल्या ज्या मुलाला बीजगणित कळत नाही, त्याची अडचण पुष्कळदा नववीत नसतेच. अपूर्णांक शिकायचे राहून गेलेले असतात. अशा मुलाला आणखी एक महागडा क्लास लावण्याआधी सहावीचे पुस्तक त्याच्या हातात द्या. पंधरा दिवसांत पुढची कुलुपे उघडू लागतील. मागे जाण्यात कमीपणा नाही. जो संत मागे गेला, तो सात वर्षे पॅरिसमध्ये टिकून एम.ए. झाला. त्याच्याच खोलीत राहणारा एक विद्यार्थी पुढे १५४२ साली गोव्याच्या किनाऱ्यावर उतरला : आपले संत फ्रान्सिस झेवियर.

"वाचताना सगळे येते"

मुले मला म्हणतात, "फादर, वाचताना सगळं येतं, पेपरात आठवत नाही." मीही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना हेच म्हणत असे. पुस्तकभर तांबड्या पेन्सिलीच्या रेघा ओढायचो. चौथ्यांदा वाचताना पान ओळखीचे वाटायचे आणि मला वाटायचे की विषय आला. तोंडी परीक्षेत प्राध्यापकांनी पुस्तक मिटून स्वतःजवळ ठेवले आणि म्हणाले, "आता सांगा." माझ्या तोंडून चार वाक्ये निघाली नाहीत. ओळख असणे आणि ज्ञान असणे यांतला फरक मला त्या दिवशी कळला.

जर्मन संशोधक एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले सुरुवातीलाच झपाट्याने विसरले जाते. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून, मग तो न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिले तर आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा तर पाच मिनिटांनी नसते!

इग्नेशियस यांच्या अनुयायांना हे अनुभवाने ठाऊक होते. १५९९ साली येशू संघाने आपल्या शाळा-कॉलेजांसाठी जी अभ्यासपद्धती ठरवली, तिच्यात रोजची उजळणी आणि शनिवारी आठवड्याची उजळणी नेमून दिली होती. आपणही तसेच करू या :

१. एक भाग वाचा, पुस्तक मिटा आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेले तपासा. विसरलेले पाहून निराश होऊ नका; पुढचा अभ्यास कोठे करायचा ते तोच कागद सांगतो.

२. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा आठवा. एकाच दिवशी चार तास देण्यापेक्षा चार दिवस एकेक तास द्या.

३. गणित नुसते वाचू नका. सोडवलेले उदाहरण झाका आणि स्वतः सोडवा.

४. धाकट्या भावंडाला किंवा आजीला समजावून सांगा. जिथे अडखळाल तिथे अभ्यास बाकी आहे.

५. झोप तोडू नका. थकलेल्या डोळ्यांपुढची पाने उलटतात, डोक्यात शिरत नाहीत.

पालकांना आणि धर्मग्रामाला

पालकांनो, "किती तास बसलास?" असे विचारू नका. "आज काय शिकलास, मला सांग" असे विचारा. तुमचे शिक्षण कमी असले तरी बिघडत नाही; ऐकायला पदवी लागत नाही. घरात मूल अभ्यासाला बसले असताना टीव्ही बंद राहू द्या. रोझरी ठरल्या वेळी सर्वांनी मिळून म्हणा आणि वेळेवर संपवा. शेजारच्या मुलाच्या टक्क्यांशी तुलना मात्र नको. देवाने प्रत्येकाला सारख्या मोहरा दिल्या नाहीत; मिळालेली मोहर पुरून ठेवली का, एवढेच तो विचारणार आहे.

आता धर्मग्रामाविषयी. यापुढे दहावी-बारावीच्या मुलांना सोमवार ते शुक्रवार कोणत्याही सरावाला बोलावले जाणार नाही. मी स्वतः विसरलो तर मला आठवण करून द्या. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारपासून चर्चचे सभागृह रोज संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासासाठी उघडे राहील. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांनी जरूर यावे. कोणत्याही धर्माच्या मुलांना दार उघडे आहे. मोबाइल दाराशी टोपलीत ठेवायचे. निवृत्त शिक्षकांपैकी कोणी आठवड्यातून एक संध्याकाळ देऊ शकत असेल तर मला भेटावे.

याचा अर्थ अभ्यासासाठी रविवारची मिस्सा सोडावी असा मात्र नाही. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता, असे संत लूक सांगतो. त्यानंतर तो नाझरेथला परत गेला आणि तिथे ज्ञानाने वाढत राहिला. त्या वाढीच्या वर्षांविषयी शुभवर्तमान जवळजवळ मौन आहे. तुमचे हे महिनेही असेच मौनाचे आहेत. रोजचा तो पाऊण तास प्रभूच्या हाती द्या.

फेब्रुवारीत पेने घेऊन जरूर या. मी वाट पाहीन.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू