वेलबुट्टीच्या रेषेतून खेळाचा नकाशा

जरीकाम करणाऱ्या कारागिराला खाका ठाऊक असतो. कागदावर नक्षी काढायची, रेषेवर सुईने भोके पाडायची आणि भुकटी चोळून ती कापडावर उतरवायची. भोके विरळ पडली तर वेलाचे वळण मोडते. संगणकावरचे चित्र खेळाच्या नकाशात उतरवण्याचे कामही याच जातीचे आहे. ज्या घरांतील मुले संगणकावर डिझाइन काढतात त्यांनी हा हिशेब जरूर शिकावा.

उदाहरणासाठी 'डूम' हा खेळ घेऊ. अमेरिकेतील आयडी सॉफ्टवेअर या कंपनीने तो १९९३ साली काढला. खेळ मारधाडीचा आहे, पण आपल्याला काम त्याच्या नकाशाच्या मांडणीशी आहे.

दोन्हीकडचा माल

रेषाचित्रे ठेवण्याची 'एसव्हीजी' ही पद्धत २००१ साली प्रमाण ठरली. तिच्यात रेषा अक्षरे आणि आकड्यांनी लिहितात. 'एम' म्हणजे लेखणी या बिंदूवर ठेवा, 'एल' म्हणजे सरळ रेषा, 'सी' म्हणजे वळण, 'झेड' म्हणजे सुरुवातीशी जोडा. अक्षर मोठ्या लिपीतले असेल तर आकडा मूळ स्थानापासून मोजायचा, लहान लिपीतले असेल तर चालू बिंदूपासून.

डूमच्या नकाशात वळण नाहीच. एका यादीत बिंदू असतात. दुसऱ्या यादीत, कोणत्या क्रमांकाच्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत भिंत जाते, ते असते.

कामाचा क्रम

१) लहान अक्षरांचे सर्व आकडे आधी मूळ स्थानापासूनचे करून घ्या.

२) वळणाचे सरळ तुकडे करा. 'सी' वळणाला चार बिंदू लागतात. मधल्या दोन बिंदूंची तिप्पट करा, त्यात टोकाचे दोन मिळवा आणि आठाने भागा. वळणाचा मध्य मिळतो. समजा बिंदू (०,०), (०,८०), (८०,८०), (८०,०) आहेत. आडवा आकडा (०+०+२४०+८०) भागिले ८, म्हणजे ४०. उभा आकडा (०+२४०+२४०+०) भागिले ८, म्हणजे ६०. असेच पुढे तुकडे पाडत जा.

३) चित्रात उभा आकडा खाली जाताना वाढतो, नकाशात वर जाताना. म्हणून त्याचे चिन्ह बदला. ६० चे उणे ६० होतील. हे विसरलात तर नकाशा उलटा येतो.

४) आधी माप वाढवा, मग पूर्णांक करा. उलट केले तर चूकही तितक्याच पटीने वाढते. डूमच्या मूळ नकाशात उणे ३२७६८ ते ३२७६७ एवढेच पूर्णांक चालतात. खेळाडू ३२ एकके रुंद असतो, म्हणून वाट त्याहून रुंद ठेवा.

५) एकाच जागी पडलेल्या बिंदूंना एकच क्रमांक द्या आणि शून्य लांबीच्या रेषा काढून टाका. खोलीच्या भिंतीवरून चालताना खोली उजव्या हाताला आली पाहिजे. ती डावीकडे येत असेल तर रेषेची टोके अदलाबदल करा.

शेवटी खेळाडूची सुरुवातीची जागा द्या आणि 'नोड' बांधणारा प्रोग्राम चालवा. त्याशिवाय मूळ खेळ नकाशा उघडत नाही.

तपासणीचा कंटाळा नको

माझ्या दुकानात एकदा किनारीचे डिझाइन माप न तपासता जॅकार्डची कार्डे पाडायला दिले. बुट्टा रुंदीत बसला नाही, सगळी कार्डे पुन्हा पाडावी लागली. पैसे गेलेच, ईदच्या आधीचा सौदाही गेला. चूक रेषेची नव्हती, घाईची होती.

म्हणून नवशिक्याने पहिल्याच दिवशी वेलबुट्टी घेऊ नये. २५६ एककांचा साधा चौकोन घ्यावा. चार बिंदू आणि चार भिंती निघाल्या पाहिजेत. पाचवा बिंदू निघाला तर 'झेड'चा सांधा चुकला असे समजावे. चौकोन बरोबर आला, मग एक वळण, मग पूर्ण नक्षी. गिऱ्हाइकाच्या हाती माल जाण्यापूर्वी सापडलेली चूक फुकटात दुरुस्त होते.